स्टार्टर सेट चांगला, पण बार्ड कुठाय?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन कथा रचत खेळायचा फाशांचा खेळ. त्याचा 2014चा स्टार्टर सेट आता जुना म्हणायचा. 2022 मध्ये त्याच्या जागी दुसरा आला. तरी नाशकात कुणी काढून टाकत असेल तर सोडू नका. डब्यात 32 पानी नियमपुस्तक, 64 पानी मोहीम, पाच तयार पात्रं आणि सहा फासे. म्हणजे वीस बाजूंचा फासा अख्ख्या टेबलात एकच. ॲडव्हान्टेजला, म्हणजे दोनांतला मोठा आकडा घ्यायची सवलत मिळाली की, तो दोनदा टाकावा लागतो आणि डाव रेंगाळतो. वीसचे आणखी दोन-तीन आधीच मागवा.

मोहीम झकास. त्यातली मालाची गाडी नाशिकहून त्र्यंबकला निघाली असं धरलं, तर गॉब्लिनांचा (बुटक्या राक्षसांचा) छापा अंजनेरीच्या पायथ्याला बेमालूम बसतो. परकी गावं लक्षात ठेवायची कटकटही वाचते. जपायचं ते पुढच्या गुहेत. तिथला बगबेअर (दांडगा, केसाळ राक्षस) एका घावात आठ बाजूंचे दोन फासे अधिक 2 एवढं नुकसान करतो. आठ हिट पॉइंटांचा, म्हणजे जिवाच्या गुणांचा, जादूगार सरासरी घावातच आडवा. बेरीज 16 किंवा जास्त आली तर जागीच खलास, कारण शून्याखाली उरलेलं नुकसान त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांना गाठतं. आत शिरण्याआधी पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांना, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेऊ द्या.

खरी खोट पात्रांत आहे. दोन फायटर (लढवय्ये), एक क्लेरिक (पुजारी), एक रोग (चोरटा), एक विझार्ड (जादूगार). गाणारं कुणीच नाही, म्हणजे बार्डच नाही! मराठी टेबलावर ही उणीव जाणवतेच. उपाय फुकट आहे: एसआरडी 5.1 हे खेळाचे मूळ नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली खुले आहेत आणि त्यात बार्ड आहे. तो सोबत्याला सहाचा फासा देतो. सोबत्याने तो टाकून आलेला आकडा दहा मिनिटांच्या आत एखाद्या हल्ल्याच्या, चेकच्या (कौशल्याची परीक्षा) किंवा सेव्हच्या (बचावाची फेक) आकड्यात मिळवायचा. लाँग रेस्टपर्यंत हे बार्डच्या कॅरिझ्मा (छाप पाडण्याचा गुण) मॉडिफायरइतक्या वेळा जमतं.

बार्डने म्हणायची गाणी मात्र अर्धवट आठवणारीच घ्या. बार्ड अडला की पुढची ओळ जो देईल, फासा त्याचा. मोबाइल पालथे. 'आमच्याकडे असं नाही म्हणत' हा वाद होणारच, कारण इथे एका घरात भोंडला तर खानदेशातून आलेल्या शेजारच्या घरात भुलाबाई. आधी म्हटलेली ओळ ग्राह्य, विषय संपला.

सगळ्यात कामाचं गाणं 'अक्कण माती'. मातीत जातं रोवलं, जात्यातून पिठी, पिठीच्या करंज्या, करंज्या तबकात, तबकावर शेला, शेला पालखीत. मधली कडी विसरली तरी डोकं लावून भरता येते, म्हणून याचं कुलूप होतं. दारावर सहा शिळा, पाचांवर चित्रं, एक कोरी. योग्य वस्तूचं नाव घेतलं की दार उघडतं. नुसत्या यमकावर चालणारी बडबडगीतं इथे लावू नका. ओळ विसरली की विसरली, आणि पार्टी अर्धा तास दारात उभी. 'अडम तडम' गुहेत आधी कोण शिरणार ते ठरवायला ठीक.

सासरच्यांची टर उडवणारी भोंडल्याची गाणी बार्डच्या 'व्हिशस मॉकरी' या टोमण्यांच्या मंत्राला चपखल बसतात. सासूच्या जागी बगबेअर घाला, चाल तीच. त्याचा विस्डम (शहाणपण) सेव्ह हुकला तर चारच्या फाशाचं नुकसान आणि पुढच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोनांतला लहान आकडा. पण एका लढाईत एकच गाणं, नाहीतर अंताक्षरी सुरू होते आणि गॉब्लिन राहतात बाजूला.

खिरापतही सोडू नका. खाऊचा डबा झाकून ठेवा. ओळखेल त्याला इन्स्पिरेशन, म्हणजे एकदा ॲडव्हान्टेज घ्यायचं बक्षीस. फक्त त्यात चिवडा नको, नाशकात तो पहिल्या फटक्यात ओळखतात.