बिलावर ‘लायसन्स’ हा शब्दच नव्हता

आमच्या कार्यालयाला सॉफ्टवेअर विकायला आलेल्या त्या माणसानं मला सांगितलेली पहिली गोष्ट अगदी खरी होती. पुढचं सगळं खोटं मला पटलं ते तिच्यामुळेच.

“१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १०ला सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत,” तो म्हणाला. फेब्रुवारी महिना होता. मी त्या रात्री स्वतः शोधलं, तारीख बरोबर निघाली. आमच्या कार्यालयाचा कारभार मी बघतो. ३४ संगणक आहेत; हिशेब, पगार, ग्राहकांची माहिती, सगळं त्यांच्यावर चालतं. तारीख खरी म्हणजे माणूसही खरा, असं मी धरून चाललो. त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही: त्या तारखेनंतरही कंपन्यांना पैसे भरून वर्षावर्षानं, जास्तीत जास्त तीन वर्षं, सुरक्षा अपडेट घेता येतात. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. पण त्यानं घाई केली, आणि मी ती माझी घाई करून घेतली.

कोटेशनमध्ये होतं ते असं: सर्व संगणकांवर विंडोज ११ प्रो आणि पूर्ण मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे), आयुष्यभरासाठी, ‘ॲक्टिव्हेशनसह’. ॲक्टिव्हेशन म्हणजे या संगणकावर लायसन्स आहे, अशी सॉफ्टवेअरनं करून घेतलेली खातरजमा. बाकीच्या दोन विक्रेत्यांपेक्षा त्याचा दर निम्म्याहून कमी होता. विचारलं तर म्हणाला, “सर, आम्ही ठोकमध्ये घेतो.” ठोकमध्ये घेतलं की स्वस्त मिळतं, हे कुठल्याही व्यवस्थापकाला पटतं. मलाही पटलं.

इथे मला माझं अज्ञान मांडलंच पाहिजे, कारण तो त्याच्यावरच पोट भरत होता. विंडोज आणि ऑफिस ही माझ्या डोक्यात एकच वस्तू होती, ‘कॉम्प्युटरमधलं’. प्रत्यक्षात विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम: प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर यांच्यावर ताबा तिचा, आणि कोणत्या प्रोग्रॅमनं काय करायचं, कोणत्या फाइलला हात लावायचा हे ठरवणारी तीच. ऑफिस, हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर हे तिच्या परवानगीनं चालणारे प्रोग्रॅम. दोन्हींची लायसन्सं वेगळी, दोन्हींच्या मुदती वेगळ्या. आणि दोन्हींच्या बाबतीत आपण विकत घेतो तो वापरण्याचा हक्क. सॉफ्टवेअर डिस्कवर बसवणं कुणालाही जमतं, ते उतरवून घेता येतं. पैसे हक्काचे असतात. हा फरक मला माहीत असता तर त्याचं कोटेशन मी पुन्हा एकदा वाचलं असतं.

आमच्या हिशेब विभागातल्या ताईंनी ते वाचलं होतं. “सर, यात लायसन्स असं कुठे लिहिलेलंच नाही. ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन व सेवा’ एवढंच आहे.” मी त्यांना म्हणालो, “ॲक्टिव्हेशन लिहिलंय ना, तेच ते.” तेच ते नव्हतं. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि मी तो घाईत बाजूला सारला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन मुलं आली. तीन दिवस फॉरमॅट मारणं आणि विंडोज टाकणं चाललं. प्रत्येक संगणकावर शेवटी एक पेनड्राइव्ह लागायचा, त्यातला एक छोटा प्रोग्रॅम चालायचा, आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद केला जायचा. मी कारण विचारलं. “तो उगाच चुकीचा इशारा देतो सर, काही नसतं.” विंडोजचे आपोआप येणारे अपडेटही त्यांनी बंद केले, ‘संगणक मंद होतो’ म्हणून. मी तिथेच उभा होतो. मला हे सगळं सेवेचा भाग वाटलं.

काम संपल्यावर त्यानं मला सेटिंग्जमध्ये नेऊन पडदा दाखवला. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत विंडोज ॲक्टिव्हेट झालं आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. मी ती वाचली. पुन्हा सांगतो, मी ती वाचली. ‘तुमच्या संस्थेच्या’ हे शब्द पाहून मला उलट बरं वाटलं, आपल्या नावावर झालं म्हणून. पण आमच्या संस्थेकडे अशी कुठलीही सेवा नव्हती. ती ओळ मला समोरून सांगत होती की हे संगणक कुणाच्या तरी सर्व्हरला (बाकीच्या संगणकांना सेवा देणाऱ्या संगणकाला) विचारून चालू आहेत आणि तो सर्व्हर तुमचा नाही.

त्याचं गणित पुढे कळलं ते असं. मोठ्या संस्थांसाठी केएमएस नावाची सोय असते. संस्था मायक्रोसॉफ्टशी करार करते, स्वतःच्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवते, आणि बाकीचे संगणक त्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होतात. डेस्कटॉप विंडोजसाठी किमान २५ संगणक लागतात. हे ॲक्टिव्हेशन कायमचं नसतंच. ते १८० दिवसांचं असतं. संगणक दर सात दिवसांनी सर्व्हरला हाक मारतो, उत्तर आलं की १८० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. आमच्या प्रत्येक संगणकात त्या पेनड्राइव्हमधल्या प्रोग्रॅमनं बाहेरच्या एका सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला होता. कराराशी त्याचा काही संबंध नव्हता. ‘आयुष्यभर’ म्हणून विकलेल्या वस्तूचं आयुष्य सहा महिने होतं, आणि तेही दुसऱ्याच्या सर्व्हरच्या मर्जीवर.

सप्टेंबरच्या मध्यात, एकाच आठवड्यात, मागेपुढे एकेक करून संगणकांच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असं फिकट अक्षरांत दिसू लागलं. एक्सेलच्या माथ्यावर लाल पट्टी आली. काम थांबलं नाही, म्हणून मी पहिले दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग त्याला फोन केला. त्यानं लगेच उचलला, आवाजात जराही आश्चर्य नव्हतं. “हो सर, रिन्यूअल आलंय. वर्षाचा चार्ज भरा, उद्या मुलं पाठवतो.”

आयुष्यभराचं रिन्यूअल कसलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “सर, लायसन्स आम्ही विकलंच नव्हतं. बिल वाचा. इन्स्टॉलेशन आणि सेवा.” ताईंचे शब्द त्यानं मला जसेच्या तसे परत ऐकवले. त्या क्षणी मला समजलं की बिलातली ती ओळ निष्काळजीपणानं लिहिलेली नव्हती.

ओळखीतून एक स्वतंत्र तंत्रज्ञ बोलावले, काहीही न विकणारे. त्यांनी एका संगणकावर आदेश लिहायची काळी खिडकी उघडून, लायसन्सची माहिती दाखवणारा विंडोजचाच एसएलएमजीआर आणि पुढे तिरपी रेघ देऊन डीएलव्ही असा आदेश दिला. दोन-चार दिवस मुदत उरलेल्या संगणकांवर सगळं स्वच्छ लिहून आलं: चॅनेल (म्हणजे लायसन्सचा प्रकार) ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’, सर्व्हरचा अनोळखी पत्ता, आणि उरलेली मिनिटं. त्यांनी १८० दिवस मागे मोजले. शेवटचं उत्तर मार्चच्या मध्यात आलं होतं, म्हणजे त्याचे पैसे चुकते झाल्यावर लगेच. तो सर्व्हर त्यानं मुद्दाम बंद केला की आपोआप पडला, हे सिद्ध करता येणार नाही. माझं मत मी मनाशी ठेवतो. हाच आदेश डीएलव्हीऐवजी एक्सपीआर लिहून दिला तर फक्त मुदत दिसते. कायमचं असेल तर तसं लिहून येतं. दहा सेकंदांचं काम आहे. पैसे देण्याआधी मी ते करून घेतलं असतं तर ही कथा तिथेच संपली असती.

मग त्यांनी अँटिव्हायरसमधली ‘तपासू नये’ अशी यादी उघडली. त्यात त्या प्रोग्रॅमचा फोल्डर होता, आणि सोबत डाउनलोडचा अख्खा फोल्डरही. म्हणजे सहा महिने आमच्या लोकांनी इंटरनेटवरून किंवा मेलमधून जे काही उतरवलं, त्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. शिवाय प्रत्येक संगणकावर एक जादा ॲडमिनिस्ट्रेटर खातं, सगळीकडे एकच पासवर्ड. व्यवस्थापकांनी इथे थांबून विचार करावा. साधं खातं स्वतःच्या फाइलींपुरतं असतं; ॲडमिनिस्ट्रेटरला ऑपरेटिंग सिस्टिम जवळपास कुठलंच दार बंद करत नाही. लायसन्सची फसवणूक म्हणजे पैशांचं नुकसान एवढंच मी समजत होतो. खरी भीती ही होती की पगाराच्या फाइली ज्या संगणकावर आहेत, त्याची किल्ली सहा महिने एका अनोळखी माणसाकडे होती आणि एका अनोळखी प्रोग्रॅमला तिथे पूर्ण मोकळीक होती. काही चोरीला गेलं का, याचा पुरावा मिळाला नाही. गेलं नाही, असंही कुणी सांगू शकलं नाही. म्हणून आम्ही बँकेपासून मेलपर्यंत झाडून सगळे पासवर्ड बदलले.

अपडेट बंद ठेवण्याबद्दल तंत्रज्ञ जरा चिडूनच बोलले. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर प्रोग्रॅम मे २०१७मध्ये जगभर पसरला, तेव्हा विंडोजमधल्या त्या भेगेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली होती त्यांना त्या भेगेतून धोका राहिला नव्हता. बंद पडली ती बहुतेक न बसवलेली यंत्रं. आमची ३४ यंत्रं सहा महिने त्याच रांगेत उभी होती, आणि तीही ‘सुरक्षा अपडेट बंद होणार’ या भीतीपोटी पैसे मोजून.

यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. आमचे संगणक नामांकित कंपनीचे, विंडोज प्रोसकट नवे घेतलेले. अशा संगणकांत विंडोज ८च्या काळापासून लायसन्सची ‘की’ (म्हणजे लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या, चिपमध्येच लिहून येते. डिस्क पुसली तरी ती जात नाही. हे लायसन्स त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, पण त्या यंत्रावर ते आपलंच. आणि विंडोज १०चं खरं लायसन्स असलेल्या, अटींत बसणाऱ्या संगणकाला विंडोज ११ फुकट मिळतं. ३४पैकी २१ संगणक अटींत बसत होते. त्या २१ संगणकांवरचं खरं, आमच्या हक्काचं विंडोज पुसून त्यानं खोटं बसवलं आणि त्याचे आमच्याकडून पैसे घेतले.

उरलेल्या १३ जुन्या संगणकांत विंडोज ११ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नव्हतं, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत नव्हते. तिथे त्यानं तपासणी चुकवून विंडोज ११ घुसडलं होतं. दिसायला तेच दिसतं, चालतंही. पण अशा यंत्रांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

दुरुस्तीला आठवडा लागला. २१ संगणक पुसून त्यांवर विंडोज ११ प्रो घातलं. इंटरनेट जोडताच चिपमधल्या लायसन्सवर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं, एक पैसाही न देता. १३ जुन्यांपैकी पाचांवर फक्त ब्राउझर आणि साधी पत्रं चालायची. तिथे विंडोजऐवजी लिनक्स आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस बसवलं, दोन्ही मुक्त लायसन्सची, धंद्यात वापरायला पूर्ण मोकळी. पहिले चार दिवस कुरबुर झाली, मग लोक रुळले. राहिलेल्या आठांवर हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजवरच चालतं. तिथे परत विंडोज १० घालून पैसे भरून मिळणारे सुरक्षा अपडेट घेतले, नवी यंत्रं येईपर्यंत. ऑफिसची लायसन्सं मात्र सरळ विकत घ्यावी लागली, हिशेब विभागाला जितकी लागतात तितकीच.

आता कोणतंही सॉफ्टवेअर घेताना ताई बिलावर लायसन्सचा प्रकार लिहून मागतात: यंत्राशी बांधलेलं, सुटं, की संस्थेच्या करारातलं; किती यंत्रांसाठी, कधीपर्यंत, कुणाच्या नावावर. एका विक्रेत्यानं “ते आतमध्ये येतं मॅडम” म्हटलं, तेव्हा त्यांनी कोटेशन परत केलं. मी मध्ये बोललो नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड बंद पाकिटात आमच्याच कपाटात असतात, आणि बाहेरचा माणूस काम करून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी काढलं जातं.

त्या माणसाविरुद्ध तक्रार दिली आहे. सोबत कोटेशन, बिल, तंत्रज्ञांचा अहवाल आणि पुसण्याआधी घेतलेले ३४ पडद्यांचे फोटो जोडले. कोटेशनमध्ये ‘ॲक्टिव्हेशनसह’ आणि ‘आयुष्यभर’ हे दोन शब्द त्याच्या सहीखाली आहेत, आणि सगळी मदार आता त्यांच्यावर आहे. परवा दुसऱ्या एका कार्यालयातून फोन आला; त्यांच्याकडेही सेटिंग्जमध्ये ‘तुमच्या संस्थेच्या’ अशीच ओळ दिसतेय आणि तिथेही कुठली सेवा नाही. त्यांना म्हटलं, काही पुसू नका, आधी फोटो काढा.