गावची बिअर की बाहेरची? कोल्हापूरकरांसाठी थोडा हिशेब

‘जगात भारी, कोल्हापुरी’ हे चपलेला लागू पडतं, तांबड्या रश्श्याला पडतं, तालमीतल्या मातीला तर पडतंच. बिअरला आपण उगाच ओढून लावतो. आपल्या भागातल्या कुणी टाक्या बसवून स्वतःची ताजी बिअर विकायला काढली की कट्ट्यावर लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोरांनी धाडस केलंय, आपणच नाही प्यालो तर कोण पिणार? दुसरा म्हणतो, पैसे माझे, जीभ माझी. शॉपीत बाहेरची चांगली बाटली मिळत असताना मी आंबूस ग्लास कौतुकानं का संपवू?

मला दोघांचंही पटतं, पण ग्लासात काय आहे ते बघून. गव्हाची बिअर किंवा हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) दणका असलेली आयपीए प्यायची असेल तर जवळची टाकी गाठा. लागर (थंडीत आंबवलेली, बहुधा फिकी बिअर) किंवा स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर) हवी असेल तर बाहेरची बाटली खुशाल घ्या, त्यात गावाशी गद्दारी वगैरे काही नाही. आणि जवळची बिअर खराब निघाली तर ग्लास परत करा. ती गिळून कुणाचं भलं होत नाही.

‘आपली’ म्हणजे किती आपली?

बिअरमध्ये मुळात चारच जिन्नस: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव. आपल्याकडे जव पिकतं ते राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडं, आणि छोटे ब्रुअर बऱ्याचदा जर्मनी-बेल्जियमचं माल्ट वापरतात. हॉप्सची थोडीफार लागवड हिमाचलातल्या लाहौलमध्ये झाली, बाकी जवळपास सगळे हॉप्स आयातच होतात. यीस्ट पाकिटातून येतं, तेही बहुधा युरोपातलं. राहिलं पाणी. तेही आरओमधून काढून त्यात जिप्सम, कॅल्शियम क्लोराईड मोजून घालतात, म्हणजे हव्या त्या प्रकारच्या बिअरला हवं तसं पाणी तयार होतं. त्यामुळे ग्लासात पंचगंगेची चव शोधणाऱ्यांनी नाद सोडावा. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनला 1842 मध्ये पिल्सनर जन्मली ती तिथल्या मऊ पाण्यामुळं, हे खरं. पण आता ते पाणी कुठल्याही एमआयडीसीच्या गाळ्यात बनवता येतं.

आता उलट बाजू बघा. हायनेकेन, कार्ल्सबर्ग, टुबोर्ग, बडवायझर ही नावं परदेशी, पण आपल्या फ्रिजमधल्या बाटल्या भारतातच भरलेल्या असतात. लेबलच्या मागची बारीक अक्षरं वाचा. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास मोठमोठे बिअर कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिथल्या दारू आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की आपली ‘इम्पोर्टेड’ मराठवाड्याच्या पाण्यावर चाललीय.

मग जवळच्या बिअरमध्ये जवळचं काय असतं? तिथं काम करणारी माणसं. माल्टचा उरलेला चोथा, जो जनावरांना चांगला चालतो आणि गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या जिल्ह्यात त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आणि ज्यानं बिअर बनवली तो माणूस, ज्याला बाहेर बोलावून तोंडावर सांगता येतं. बाटलीच्या बाबतीत ही शेवटची सोय नाही.

एक जिन्नस मात्र खरोखर आपला होऊ शकतो, तो म्हणजे गूळ. काही ठिकाणी तो घालतातही. पण गूळ घातला म्हणून बिअर गोड होत नाही. त्यातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, दारूचं प्रमाण वाढतं आणि बिअर जिभेला पातळ लागते. मागं राहतो तो काकवीसारखा किंचित करपट वास. गडद बिअरमध्ये तो झकास लागतो, फिक्या बिअरमध्ये उघडा पडतो. तेव्हा ‘खास कोल्हापुरी गुळाची लागर’ अशी पाटी दिसली तर आधी घोटभर चाखायला मागा.

ताजेपणाचा मुद्दा

हे कोल्हापूरकराला वेगळं समजवायची गरज नाही. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारं हे गाव आहे, पिशवीतलं दूध आणि कट्ट्यावरचं दूध यातला फरक इथल्या पोरासोरांना कळतो. काही बिअरचं अगदी तसंच आहे, पण सगळ्या बिअरचं नाही. वाद होतो तो इथंच.

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं किंवा लवंग कुणी घालत नाही, ते यीस्टचं काम. हा वास पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जोरात असतो. आयपीएमधला हॉप्सचा संत्र्या-आंब्यासारखा सुगंध तर आणखी नाजूक. ऊन, ऑक्सिजन आणि वेळ या तिघांनी तो मरतो, मागं नुसता कडूपणा उरतो. अशी बिअर लांबच्या कारखान्यातून ट्रकनं आली, गोदामात थांबली आणि शॉपीच्या मागच्या खोलीत एप्रिलभर उकडली, तर तिचं नाव कितीही मोठं असो, ती संपलेली असते. तापमान 10 अंशांनी वाढलं की बिअर शिळी व्हायचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो.

लागरचं उलट. ती थंडीत, साधारण 9 ते 13 अंशांवर आंबवायची आणि मग शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवत ठेवायची. एवढ्या वेळात त्याच टाकीतून एलचे (गव्हाची बिअर, आयपीए अशा उबेत लवकर आंबणाऱ्या बिअरचे) दोन घाणे निघतात. चार टाक्या आणि बँकेचा हप्ता असलेल्या माणसानं काय करावं? काही जण मन घट्ट करून थांबतात. पुष्कळ जण थांबत नाहीत, आणि अर्धकच्ची लागर नळाला लागते. शिवाय लागरला लपायला जागा नसते. ना केळं, ना कॉफी, जरा चूक झाली की सरळ जिभेवर. मोठे कारखाने या एका बाबतीत वरचढ आहेत. त्यांची लागर कंटाळवाणी असेल, पण स्वच्छ असते आणि बारा महिने सारखी असते.

स्टाउटला प्रवास सोसतो. भाजलेल्या माल्टचा कॉफी-चॉकलेटचा वास टिकाऊ असतो. चांगली स्टाउट बाहेरून आलेली दिसली तर सोडू नका.

पुण्यात 2009 मध्ये डूलालीनं टाकीची बिअर सुरू केली, बेंगळुरूत 2010 मध्ये टॉइट आलं. या शहरांना चुकायला आणि सुधारायला वर्षं मिळाली, आणि ग्लास परत करणारं गिऱ्हाईकही मिळालं. 2015 मध्ये आलेली बिरा तर सुरुवातीला बेल्जियममध्ये बनवून आणत होते, मग इथं बनायला लागली. छोट्या गावातल्या नव्या ब्रुअरची तुलना पहिल्याच वर्षी यांच्याशी करणं अन्याय आहे, हे मी मानतो. पण ग्लासाची किंमत तो त्यांच्याइतकीच लावत असेल, तर तुलना होणारच.

ग्लास समोर आला की

फेस बसायच्या आत नाक घाला. पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास आला तर यीस्टला शेवटचे दोन-तीन दिवस दिलेले नाहीत किंवा नळीत जंतू बसलेत. हिरव्या सफरचंदासारखा वास म्हणजे टाकीतून काढायची घाई. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे उकळी नीट दिली नाही. व्हिनेगरसारखी झिणझिणी आली तर नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या साधारण दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात, आणि “शेवटच्या कधी धुतल्या?” हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. ज्याचं काम चोख आहे तो तारीख सांगतो.

आणि ग्लास बघा. आपल्याकडं हा दोष खास. ज्या मोरीत तांबड्या रश्श्याचा कट आलेली ताटं धुतली, त्याच मोरीत त्याच घासणीनं बिअरचा ग्लास धुतला, की काचेवर तेलाचा पातळ थर राहतो. मग फेस डोळ्यांदेखत बसतो आणि बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. बिचाऱ्या ब्रुअरनं महिनाभर राबून केलेली बिअर मोरीत मेलेली असते.

एका ठिकाणी मला असाच बटरचा वास आला. वाढणारा पोरगा म्हणाला, “सर, आमचा स्पेशल फ्लेवर हाय तो.” मी म्हटलं, “भावा, स्पेशल असू दे, पण जरा बनवणाऱ्याला बोलव.” तो आला, वास घेतला, एक शब्द न बोलता नळाला ‘बंद’ची चिठ्ठी लावली आणि दुसरी बिअर आणून दिली. मी आजही तिथं जातो. जवळच्याला पाठिंबा म्हणतात तो मला असाच माहीत आहे. “छान आहे, छान आहे” म्हणत अर्धा ग्लास टेबलावर ठेवून निघून जाणारे त्या माणसाचं जास्त नुकसान करतात.

बाटली घेताना

बाहेरची बिअर घ्यायची तर तारीख आधी, नाव नंतर. आपल्याकडच्या पाश्चराइज्ड बाटलीवर बहुधा सहा महिन्यांची मुदत असते, पण गव्हाच्या किंवा हॉप्सवाल्या बिअरची दोन-तीन महिन्यांपलीकडची बाटली मी घेत नाही. कॅन सगळ्यात बरा, मग तपकिरी बाटली. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्सशी त्याची रिॲक्शन होऊन उग्र, सडका वास येतो. शॉपीच्या दर्शनी फळीवर उन्हात मांडलेली हिरवी बाटली कितीही देखणी असली तरी तिथंच राहू द्या, आतल्या फ्रिजमधली मागा. लेबलवरचा आकडाही बघा. 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड, 5 ते 8 स्ट्राँग. देशात खपते ती बहुतेक स्ट्राँग, आणि बऱ्याच जणांना बिअर आवडत नाही त्याचं कारण त्यांनी तेवढीच प्यालेली असते.

आता रस्सा. सुक्कं मटण आणि तांबड्याबरोबर आयपीए मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कडूपणा तिखटाला आणखी पेटवतो, स्ट्राँग बिअरमधली दारूही तेच करते. तिथं कमी कडू, गार गव्हाची बिअर हवी, आणि ती ताजी हवी, म्हणजे मुद्दा परत जवळच्या टाकीकडं झुकतो. ती नसेल तर संत्र्याची साल आणि धणे घातलेली बाटलीतली गव्हाची बिअर चालून जाते. पांढऱ्या रश्श्याबरोबर साधी स्वच्छ लागर छान, नारळाच्या दुधाचा जडपणा ती धुऊन काढते. मिसळीबरोबर मात्र बिअर पिऊ नये. याला काही शास्त्र नाही, माझं मत आहे.

पैशाचं म्हणाल तर टाकीचा ग्लास महागच पडतो. 650 मिलीची साधी बाटली शॉपीतून घरी आणून पिणं याला कुणी हरवू शकत नाही. पण नुसता दर बघू नका, जायचं-यायचं कसं तेही मोजा. रिक्षानं परतता येईल अशा अंतरावरची टाकी वेगळी आणि हायवेवरची वेगळी. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवायची मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला फार ग्लास लागत नाहीत. चौघांपैकी एकानं लिंबू सोडा प्यायचा किंवा गाडी भाड्यानं करायची. हा खर्च धरला की हायवेवरची ‘जवळची’ बिअर बरीच लांबची होते. म्हणून मित्रांची बैठक, गप्पा, दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर टाकी, आणि घरी मॅच बघत एकच प्यायची असेल तर बाटली, असं मी धरून चालतो.

बाहेरची म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर शॉपी येतच नाही, गोवा येतो. तिथली बिअर स्वस्त, प्रकार जास्त, आणि गाडी तशीही रिकामीच परत येणार असते. पण ‘गोवा बनावटीची दारू पकडली’ ही बातमी आपल्या पेपरात उगाच येत नाही. आंबोली, गगनबावडा, चंदगड, सगळ्या वाटांवर उत्पादन शुल्कवाल्यांची नजर असते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यात परवान्याशिवाय परराज्यातली दारू आणणं गुन्हा ठरतो आणि गाडीही जप्त होऊ शकते. “घरी पिण्यापुरतीच आणलीय साहेब” हे तिथं चालत नाही. गोव्यात आहात तोवर तिथल्या ब्रुअरींची बिअर मनसोक्त प्या, आणि नाक्यावर डिकी उघडायला सांगतील तेव्हा आत काजू आणि बेबिंका असू द्या.