सेन्सर उत्तम, दांडा अडेल: एका योक-संचाचा तीन महिन्यांचा अनुभव

योक (विमानाचे हाताने धरायचे सुकाणू), थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी तरफ) आणि रडर पेडल (पायाने विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवण्याची) असा एकत्रित संच मी गेले तीन महिने घरच्या सिम्युलेटर कॉकपिटमध्ये वापरत आहे. तिन्हींत हॉल सेन्सर आहेत, म्हणजे अक्षाची (हालचालीच्या प्रत्येक दिशेची) स्थिती घासणाऱ्या कार्बनपट्टीऐवजी चुंबकीय क्षेत्रावरून मोजली जाते. त्यामुळे माझ्या जुन्या पोटेन्शिओमीटरवाल्या, म्हणजे कार्बनपट्टीच्या, जॉयस्टिकला लागलेली थरथर येथे एकदाही दिसली नाही. योकचे वाचन १२ बिटांचे आहे. १८० अंशांच्या फिरकीत ४०९६ पायऱ्या, म्हणजे अंशाला बावीसहून अधिक, आणि एवढी सूक्ष्मता घरच्या वापरासाठी पुरून उरते.

अडचण आहे ती योकच्या दांड्यात. धावपट्टी समोर दिसत असताना नाक किंचित वर घ्यावे म्हणून योक ओढला, तर दांडा आधी जागचा हलत नाही आणि मग एकदम सुटतो. नाक हवे त्यापेक्षा जास्त वर जाते, आणि ते खाली आणताना पुन्हा तोच प्रकार होतो. ट्रिम (योकवर जोर न लावता विमान स्थिर ठेवणारी जुळवणी) नीट लावलेल्या विमानात योक बहुतेक वेळ मध्यापाशीच असतो, त्यामुळे जिथे हात सर्वांत हलका लागतो नेमका तिथेच हा दोष नडतो. माहितीपुस्तिका यावर डेडझोन, म्हणजे ज्यातली हालचाल मोजलीच जात नाही तो पट्टा, वाढवायला सांगते. तो सल्ला मला मुळीच पटला नाही, कारण रोलला (विमान कुशीवर कलवणाऱ्या फिरकीला) ५ टक्के डेडझोन दिला की मध्याच्या दोन्ही बाजूंना साडेचार अंशांपर्यंत योक फिरवूनही विमान ढिम्म राहते. मी डेडझोन शून्यावर आणला आणि पिचचा (नाक वर-खाली करण्याचा) वक्र, म्हणजे योक किती हलवल्यावर विमान किती हलेल याचा आलेख, मध्यभागी थोडा सपाट केला. झटका राहिला, पण त्याचा परिणाम बराच कमी झाला. हा वक्र एकाच ठिकाणी द्यावा. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आणि सिम्युलेटरमध्ये दुसरा दिला, तर ते एकमेकांवर चढतात आणि मध्यभाग मेल्यासारखा होतो.

पेडल्स मात्र भक्कम आहेत. सुरुवातीला प्रत्येक उड्डाणाच्या धावेत विमान डावीकडे ओढले जाई आणि मी त्याचा दोष विमानाच्या पंख्याला देत राहिलो (एक इंजिनाच्या विमानात तसे होतेही). शेवटी अक्षांचा तक्ता उघडला, तेव्हा पाय उचलूनही डाव्या पेडलवरचा ब्रेक ४ टक्के दाबलेला दिसला. पाय बाजूला ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन केले आणि ब्रेकच्या अक्षाला सुरुवातीचा लहानसा डेडझोन दिला. तो येथे योग्यच ठरतो.

थ्रॉटलबद्दल तक्रार नाही. फक्त जुनी जॉयस्टिक जोडलेली असेल, तर तिच्या पट्टीवरची थ्रॉटलची नेमणूक काढून टाकावी, अन्यथा इंजिनाची शक्ती आपोआप वरखाली होते.

दांड्याबद्दल उत्पादकाला लिहिले असता, वापराने तो सैल होईल, असे उत्तर आले. तीन महिन्यांत झालेला नाही. पेडल्स सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्यावीत.