डिस्क गोल्फचा थ्रो सुधारणारी व्हिडिओ शिकवणी: एक परीक्षण

डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे चपटी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळात, लांब फेक हवी असेल तर बहुतेक खेळाडू आधी नवी डिस्क घेतात. वेगाचा आकडा 12 किंवा 13 असलेला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, हातात आला की अंतर आपोआप वाढेल, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात असा ड्रायव्हर पुरेशा वेगाने सुटला नाही, तर उजव्या हाताच्या बॅकहँडवर (हात छातीसमोरून ओढत केलेल्या फेकीवर) तो लवकरच डावीकडे वळून जमिनीवर येतो आणि मूळ प्रश्न, म्हणजे थ्रो करण्याची पद्धत, तसाच राहतो. ज्या ऑनलाइन शिकवणीबद्दल मी येथे लिहीत आहे, तिने हा प्रश्न थेट हातात घेतला, म्हणून तिची दखल सविस्तर घ्यावीशी वाटते. शिकवणी एका अनुभवी प्रशिक्षकाची असून व्यवहार अगदी साधा आहे. आपण आपल्या थ्रोचे व्हिडिओ पाठवायचे, काही दिवसांनी प्रशिक्षक त्यावर रेघा आखून आणि आवाजात टिप्पणी करून ते परत पाठवतात, सोबत एक ड्रिल देतात आणि त्या ड्रिलचा सराव झाल्यावर पुढचा व्हिडिओ मागवतात.

व्हिडिओ कसा काढावा याच्या सूचनांपासूनच कामाचा दर्जा जाणवतो. एक कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे, थ्रोच्या रेषेत, आणि दुसरा त्याच्या छातीसमोर बाजूला, दोन्ही छातीच्या उंचीवर आणि स्टँडवर स्थिर हवेत. चित्रीकरण स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमने आणि भरपूर उजेडात करावे, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने सुटणारी डिस्क नेहमीच्या 30 फ्रेमच्या चित्रीकरणात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत सुमारे 90 सेंटिमीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे छातीजवळून हात कसा गेला हे नेमके पाहायचे ते दृश्यच हाती लागत नाही. 240 फ्रेमला हेच अंतर 11-12 सेंटिमीटरवर येते आणि कोपर, मनगट व डिस्क यांचा क्रम स्वच्छ दिसतो.

पहिल्या व्हिडिओवर आलेले उत्तर या शिकवणीचे सर्वांत बळकट अंग दाखवते. माझ्या थ्रोमध्ये डिस्क छातीला वळसा घालून येत होती. खेळाडू याला राउंडिंग म्हणतात. दंड आणि छाती यांच्यातला कोन काटकोनाहून बराच कमी होतो, कोपर पुढे येण्याऐवजी अंगाशी दबते, वेग जातो आणि दिशाही बेभरवशाची होते. याचे रूढ उत्तर ‘कोपर पुढे काढा’ असे असते. प्रशिक्षकांनी मात्र बाजूच्या कॅमेऱ्यातली एकच फ्रेम थांबवून दाखवली. उजव्या पायाची टाच जमिनीला नुकतीच टेकत होती आणि त्याच क्षणी डिस्क जवळजवळ डाव्या छातीपर्यंत ओढून आणलेली होती. त्या क्षणी हात मागे पूर्ण ताणलेला असायला हवा. पुढचा पाय रोवला जाण्याआधीच ओढ सुरू झाली, की कमरेला आणि खांद्यांना हाताच्या पुढे राहायला जागा उरत नाही आणि कोपर दबणारच. दोष कोपरात दिसत होता, पण त्याचे मूळ पाऊल टेकण्याच्या वेळेत होते. लक्षण आणि कारण यांतला हा भेद दाखवणारी नजर सहसा भेटत नाही, आणि माझ्या मते शिकवणीचे निम्मे मोल याच नजरेत आहे.

त्यावर दिलेले ड्रिल रन-अपशिवाय करायचे होते. पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक फाकवून उभे राहायचे, डिस्क सरळ रेषेत मागे न्यायची, तेथे थांबायचे, वजन पुढच्या पायावर पूर्ण घ्यायचे आणि मगच ओढायचे. हे जमल्यावर मागच्या पायावर तोलून पुढचा पाय उचलायचा, टेकवायचा आणि फेकायचे, म्हणजे एका पावलाचा थ्रो. एक्स-स्टेप, म्हणजे मागचा पाय पुढच्या पायामागून ओलांडून नेणारी चाल, त्यानंतर. समांतरपणे दुसरे ड्रिल उलट्या टोकाकडून चालते. डिस्क उजव्या छातीशी, कोपर आधीच पुढे, आणि तेथून फक्त हात उलगडून सोडायचे. थ्रोचा शेवट आधी पक्का करायचा आणि मग एकेक टप्पा मागे जात त्याला सुरुवात जोडायची, हा क्रम मला फार समंजस वाटला. कारण डिस्कचा वेग मुख्यतः या शेवटच्या उलगडण्यात येतो आणि तोच भाग पूर्ण वेगात शिकणे सर्वांत अवघड असते.

सराव पटर (जवळच्या फेकीची संथ डिस्क) किंवा मिडरेंजवर (मध्यम अंतराच्या डिस्कवर) आणि अर्ध्याहून थोड्या अधिक जोराने करण्याची अटही अशीच विचारपूर्वक घातलेली आहे. हात डिस्कच्या पातळीतून न जाता तिरका गेला की पटर हवेत स्पष्ट डगमगतो आणि चूक लपत नाही.

प्रशिक्षकांच्या शब्दयोजनेचा उल्लेख करायलाच हवा. ते क्वचितच ‘मनगट असे धरा, खांदा तसा फिरवा’ असे सांगतात. बहुतेक सूचना डिस्कविषयी किंवा जमिनीविषयी असतात: डिस्कची कड छातीसमोरून सरळ रेषेत काढा, पुढच्या पायाने जमीन ढकला. क्रीडाशास्त्रात याला आधार आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्की सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांपैकी ज्यांना पायांऐवजी पाटाखालच्या चाकांवर लक्ष द्यायला सांगितले होते, त्यांचे शिकणे अधिक चांगले झाले. प्रशिक्षक शास्त्राचे नाव घेत नाहीत, पण त्यांची भाषा त्याला धरून आहे.

उत्तर यायला लागणारे दिवस काहींना खटकतील. मला तो विलंब उपयोगी वाटला. प्रत्येक फेकीनंतर कोणीतरी चूक सांगत राहिले तर फेकणारा स्वतः जाणून घेणे सोडतो, आणि येथे तर प्रशिक्षक स्पष्टच सांगतात, की व्हिडिओ पाहण्याआधी थ्रो कसा वाटला आणि डिस्क कोठे गेली हे लिहून काढा. आपल्याला वाटलेले आणि कॅमेऱ्यात उतरलेले यांत किती अंतर आहे हे त्या नोंदींतूनच कळते. हात पूर्ण मागे थांबला असे वाटत असताना चित्रात तो थांबलेलाच नसतो, आणि चित्रात जेमतेम योग्य दिसण्यासाठी मनात बरीच अतिशयोक्ती करावी लागते. ही गोष्ट सांगून पटत नाही, ती अशीच पटते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव डिस्कच्या नाकाच्या कोनाबाबत आहे. सुटताना डिस्कची पुढची कड वर राहिली, तर हवा तिला अडवते, डिस्क वर चढते, वेग गमावते आणि लवकर डावीकडे पडते. कितीही जोर लावला तरी अंतर मिळत नाही. त्यावर प्रशिक्षक कुलपात चावी फिरवल्यासारखे मनगट फिरवण्याचे प्रसिद्ध ड्रिल देतात आणि ते चांगले आहे. पण काही अंशांचा हा फरक मोबाइलच्या चित्रातून खात्रीने सांगता येत नाही, तरीही उत्तरात तो ठामपणे सांगितला जातो. आज डिस्कमध्येच संवेदक बसवलेली उपकरणे मिळतात, जी वेग, फिरकी, नाकाचा कोन, हायझरचा कोन (डिस्कचा बाजूचा कल) आणि डगमग मोजतात. ते आकडे व्हिडिओसोबत पाठवण्याची सोय येथे असायला हवी होती. चित्र कारण दाखवते आणि आकडा परिणाम, त्यामुळे दोन्ही एकत्र असते तर ड्रिलने नेमका काय फरक पडला हे निर्विवाद कळले असते.

दुसरी तक्रार क्रमाची आहे आणि ती मला गंभीर वाटते. डिस्क सुटल्यावर रोवलेला पाय टाचेवर फिरू द्यावा, नाहीतर सारा पीळ गुडघ्यावर येतो, हा धडा अभ्यासक्रमात फार उशिरा येतो. जो खेळाडू पुढचा पाय घट्ट रोवायला शिकतो आहे, त्याला तो पाय मोकळा सोडायचे त्याच दिवशी शिकवले पाहिजे. प्रशिक्षकांना हे कळवल्यावर त्यांनी सौजन्याने उत्तर दिले, पण धड्यांचा क्रम अद्याप बदललेला नाही.

फोरहँडचा, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे आणत केलेल्या फेकीचा, भाग त्रोटक आहे आणि पटिंग, म्हणजे बास्केटमध्ये टाकण्याची जवळची फेक, जवळजवळ नाहीच. बास्केटभोवतीच्या 10 मीटरच्या वर्तुळात ज्यांचे गुण जातात, त्यांनी येथे येऊ नये. अगदी नवशिक्यालाही मी थांबायला सांगेन, कारण पकड आणि सरळ फेक एखाद्या जाणत्या खेळाडूसोबत मैदानावर लवकर येते. ज्यांचे अंतर बराच काळ एका जागी अडले आहे, जे रन-अप सोडून काही आठवडे उभ्याने फेकायला तयार आहेत आणि ज्यांना एका वेळी एकच सूचना पुरते, त्यांना ही शिकवणी मी निःसंकोच सुचवीन. पाच गुणांपैकी मी तिला चार देतो. गुडघ्याचा धडा पहिल्या आठवड्यात आला, तर साडेचार देईन.