आरव्हीची टाकी: आतले प्रोब बरे की बाहेरची पट्टी?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांना हे नवीन नाही, ब्लॅक टँक (टॉयलेटच्या मैल्याची टाकी) आत्ता रिकामी केली तरी टाकी किती भरली ते दाखवणारं पॅनल म्हणतंय दोन तृतीयांश भरलीय. टाकीच्या भिंतीतल्या प्रोबवर, म्हणजे पातळी ओळखणाऱ्या धातूच्या टोकांवर, टॉयलेट पेपर नि घाण चिकटते, त्या ओल्या थरातूनच करंट जातो आणि लाइट पेटतो. प्रोब गाडीबरोबरच येतात, वेगळा खर्च नाही, पण सांगतात काय तर रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, फुल, बस्स.

दुसरी ती सीलेव्हल ब्रँडसारखी सेन्सरची पट्टी, टाकीला बाहेरून चिकटवायची, घाणीला शिवत नाही, आकडा टक्क्यांत. पण टाकी प्लास्टिकची हवी, आणि खालचं कव्हर काढायचं म्हणजे अख्खा शनिवार गेला. आतून जाड थर साचला तर तीही गंडते बरं का.

मी तरी आधी धुऊनच बघेन. फ्लशला भरपूर पाणी, आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह डंप (टाकी रिकामी) करेपर्यंत बंद, उघडा ठेवलात तर पाणी निघून जातं नि खाली घट्ट मैल्याचा डोंगर उरतो. टाकी घासून निघावी म्हणून तिच्यात बर्फ टाकून गाडी पळवायची युक्ती लोक सांगतात, मला पटत नाही, बर्फ वितळणारच ना. एवढं करूनही पॅनल खोटंच बोलत असेल तर मग पट्टी घ्या.