पांढराशुभ्र जेटफायर आणि माझे 783 डॉलर 50 सेंट

लिहू की नको असं चार महिने चाललं होतं. लाज वाटते हो. वय 49, न्यू जर्सीत बावीस वर्षं आयटीत काढली, ऑफिसात नवीन पोरांना फिशिंग मेल कसा ओळखायचा ते मीच शिकवतो, आणि फसलो कशात, तर खेळण्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जेटफायर म्हणजे 1985 चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रूप बदलणारं खेळणं, लढाऊ विमानाचा रोबो होतो. पण हा मूळचा ट्रान्सफॉर्मर नाहीच. बाकीचे बरेचसे हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीकडून घेतले, हा मात्र ताकातोकु नावाच्या कंपनीचा, माक्रॉस या जपानी कार्टून मालिकेतल्या विमानाचं 1/55 आकाराचं खेळणं. ताकातोकु 1984 ला बुडाली, साचे गेले बांदाईकडे, आणि बांदाई म्हणजे टाकाराची कट्टर स्पर्धक. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये त्याचं नाव बदललं, तोंडावळा बदलला, आणि जपानमध्ये टाकाराने तेव्हा हा विकलाच नाही. ही सगळी भानगड, वर डायकास्टचं (ओतीव धातूचं) वजन आणि काढता-घालता येणारं लाल चिलखत, म्हणून लोक त्याच्यामागे वेडे असतात. माझं कारण साधं आहे. 1986 ला काका अमेरिकेहून आले तेव्हा डोंबिवलीत आमच्याकडे हाच आला होता. दोन वर्षांत पुढचं चाक मोडलं, चिलखत हरवलं आणि उरलेलं आईने भंगारवाल्याला दिलं.

तर यावर्षी कलेक्टर लोकांच्या एका ग्रुपवर दिसला. बॉक्स, थर्मोकोल, कागदपत्रं, सगळं चिलखत, किंमत 725. विक्रेता दुसऱ्या राज्यातला, प्रोफाइल जुनं, खाली दहाबारा लोकांचे 'ग्रेट सेलर' वगैरे. (ते दहाबारा जण कोण हे बघायला पाच मिनिटं लागली असती. बघा. मी बघितलं नाही.)

आता खरी गोष्ट. फोटोत तो पांढराशुभ्र होता, दुधासारखा. आणि जेटफायरची सगळ्यात प्रसिद्ध खोड कुठली, तर पिवळा पडणं! हे मला माहीत होतं, मी स्वतः लोकांना सांगायचो की बॉक्समध्ये बंद ठेवलेलासुद्धा पिवळा पडतो, पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून लोक पांढरा करतात आणि तो परत पिवळा पडू शकतो. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, "अरे, माझ्या माहेरचा तो जुना कॉम्प्युटर दहा वर्षांत पिवळा पडला, हा चाळीस वर्षं असाच कसा राहिला?" मी तिला म्हणालो, "तुला नाही कळणार, अंधाऱ्या कपाटात ठेवलेला पीस आहे." म्हणजे विक्रेत्याचं वाक्य मीच तिला ऐकवलं. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तरी मी विचारलं होतं, अगदीच मूर्ख नाही मी. म्हटलं, कॉपीराइटचा छाप आहे त्याचा जवळून फोटो पाठव. उत्तर आलं, बॉक्स टेप लावून पॅक झालाय, आणि दुसरा एकजण आज रात्री पैसे द्यायला तयार आहे. इथे फोन खाली ठेवायचा. जो माणूस सातशे डॉलरसाठी दहा सेंटची टेप कापत नाही त्याच्याकडून काही घेऊ नका.

पेमेंट अ‍ॅपमधल्या 'मित्र-नातेवाईक' पर्यायाने (तो ओळखीतल्यांना पैसे द्यायला असतो, खरेदीला नाही) पैसे पाठवलेस तर 25 कमी करतो म्हणाला, म्हणून 700. पोस्टेज 38.50. मग इन्शुरन्स 45. एकूण 783.50. बॉक्स आला तेव्हा लेबलवर इन्शुरन्स नव्हताच आणि पोस्टेज होतं 17.20, म्हणजे चिल्लरसुद्धा सोडली नाही भाऊने.

हातात घेतल्याक्षणी कळलं. हलका. छाप धूसर, अक्षरं वितळल्यासारखी. स्क्रू चकचकीत, बॉक्सवरची छपाई स्कॅन केलेली, आणि नवीन पुठ्ठ्याचा वास. ताजी नक्कल. नवे स्टिकर आणि छापील बॉक्स उघड विकत मिळतात, त्यात गुन्हा नाही, जुना म्हणून विकणं हा गुन्हा आहे.

असं मला वाटत होतं. पेमेंट अ‍ॅपवाले म्हणाले, तुम्हीच सांगितलंत की हा तुमचा मित्र आहे. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथल्या माणसाने दोनदा विचारलं, "टॉय?" आणि शेजारच्याकडे बघून हसला. म्हणे ही दिवाणी बाब आहे, विक्रेता राहतो तिथे फोन करा. तिथे फोन केला तर ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरला, पाऊण तास लागला, एक नंबर मिळाला, तो नंबर चार महिने माझ्याकडे सुखरूप आहे. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा म्हणून सगळेच सांगतात, पण नोटीस द्यायला पत्ता लागतो आणि याचा पत्ता म्हणजे भाड्याची पोस्टपेटी. सगळ्यात राग आला ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा. माझी पोस्ट काढली, कारण काय, 'इथे ड्रामा नको'. विक्रेता अजून ग्रुपमध्ये आहे, मी नाही.

आणि कुणी म्हणेल खेळण्यावर इतके पैसे कशाला, तर त्यांनी आपल्या क्रिकेटच्या बॅटा मोजाव्यात. छाप, स्क्रू आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या पीसचा फोटो मागा, सोबत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. आणि ते 25 डॉलर वाचवू नका, प्लीज.

पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या ग्रुपवर तेच वाक्य दिसलं, तेच अंधारं कपाट, किंमत 690. 'इंटरेस्टेड' लिहिणाऱ्या तिघांना मी मेसेज केला, सगळी हकीकत सांगितली. दोघांनी ब्लॉक केलं. तिसऱ्याने विचारलं, "मग तुमच्याकडचा कितीला देताय?"