थंडीतल्या सकाळच्या फेरफटक्यासाठी स्मार्टकेन

रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारात बहुधा आधी रात्रीची आणि मग कडेची नजर जाते, त्यामुळे आमच्यासारख्यांना हिवाळ्यातला सकाळचा फेरफटका इतर ऋतूंपेक्षा अवघड जातो. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि उगवल्यावरही बराच वेळ तो इतका खाली असतो की उरलीसुरली नजर त्या तिरप्या उन्हाने दिपून जाते. तरीही थंडीची सकाळ घरात बसून घालवणे मला मान्य नाही. ती बाहेर घालवता यावी यासाठी मला ज्या साधनाचा सर्वांत जास्त उपयोग झाला, त्या स्मार्टकेनविषयी हे लिहीत आहे.

दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेले हे उपकरण २०१४ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सुमारे ३,००० रुपये होती. घडीच्या पांढऱ्या काठीच्या वरच्या भागावर ते मुठीसारखे बसते, कानाला ऐकू न येणाऱ्या अल्ट्रासोनिक लहरी पुढे सोडते आणि त्या अडथळ्यावर आपटून परत आल्या की मूठ थरथरते. अडथळा जवळ येत जातो तसा थरथरण्याचा नमुनाही बदलतो.

साधी पांढरी काठी खड्डा, पायरी, फुटपाथची कड असे जमिनीवरचे सारे सांगते, पण गुडघ्याच्या वर काय आहे हे तिला कळत नाही. उभ्या टेम्पोचा उघडा फाळका, टपरीच्या छपराचा पुढे आलेला पत्रा, कुंपणाबाहेर लोंबणारी बोगनवेल या गोष्टी थेट कपाळाला लागतात, आणि एकदा लागल्या की माणूस एक हात चेहऱ्यासमोर धरूनच चालू लागतो. अशा चालण्यात आनंद कुठला? स्मार्टकेनचे खरे मोल इथे आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातल्या वडांखाली पारंब्यांचा जुडगा तोंडाशी येण्याआधीच मूठ थरथरते, मी पाऊलभर बाजूला सरकतो आणि चालत राहतो. चेहरा वाचवण्यात गुंतलेले लक्ष मोकळे झाले की मग रस्त्यावर पडलेल्या बुचाच्या फुलांचा वास, दूर कुठे तरी पेटलेल्या शेकोटीचा धूर, फांदीवरच्या बुलबुलाची बडबड हे सगळे पुन्हा आपल्या वाट्याला येते.

हिवाळ्यात मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जाड लोकरी हातमोज्यातून मुठीची थरथर बोथट होते. मी काठीच्या हाताला बोटे उघडी राहणारा पातळ मोजा घालतो आणि दुसऱ्या हाताला हवा तेवढा जाड. कानटोपीचे तर त्याहून जपावे लागते, कारण भिंतीवरून परतणारा काठीचा आवाज, मागून येणारी सायकल, चौकातली मोकळी हवा हे सारे आम्ही कानांनी ओळखतो आणि कुठलेही उपकरण ती जागा भरून काढत नाही. मी कान उघडे ठेवून गळ्याला मफलर गुंडाळतो. पुढे छज्जा असलेली टोपी समोरच्या उन्हाला उत्तम.

उपकरणाला जवळचा आणि लांबचा असे दोन टप्पे आहेत. बाहेर मोकळ्या रस्त्यावर सुमारे ३ मीटरपर्यंतचा लांबचा टप्पा चांगला चालतो, पण फिरणाऱ्यांची गर्दी असली की पुढच्या प्रत्येक पाठीची सूचना मिळत राहते, तेव्हा जवळचा टप्पा लावावा. पुढचा खड्डा किंवा उतरती पायरी हे उपकरण ओळखत नाही, तो त्याचा हेतूही नाही. ते काम काठीच्या टोकानेच करायचे असते. म्हणून ज्यांनी पांढऱ्या काठीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले नाही त्यांनी आधी ते घ्यावे आणि मगच याकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना काठी वापरता येते, पण डोक्याला लागण्याच्या भीतीने ज्यांचे बाहेर पडणे थांबले आहे, त्यांनी स्मार्टकेन जरूर घ्यावी. घेण्यापूर्वी अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत ती हातात धरून, शक्यतो थंडीत वापरायच्या मोज्यासह, थोडे चालून पाहावे, आणि घेतल्यावर आदल्या रात्री ती चार्ज करून ठेवावी.